पुढचा पंप मागे

गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, "मिस्त्री, सगळ्यात अवघड काम कुठलं केलंत हो आयुष्यात?" त्यांची अपेक्षा असते की मी एखाद्या ट्रकचं अख्खं इंजिन उतरवल्याची गोष्ट सांगेन. मी सांगतो, मुठीएवढा एक पंप गाडीच्या पुढून काढून मागे बसवला. मंडळी हसतात. काम दोन तासांचं होतं. मला अकरा दिवस लागले, आणि त्यातले दहा दिवस माझ्या हुशारीमुळे लागले.

नगरला माळीवाड्याच्या पुढे माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि सावलीला एक कडुनिंब. माझ्याकडे यायच्या त्या म्हाताऱ्या गाड्या. साहेब लोक जाताना विकून गेलेल्या, मग वकिलाकडून कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराकडून आणखी कुणाकडे अशा फिरत फिरत आलेल्या. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नसत. त्यामुळे जे मिळत नाही ते बनवायचं आणि जे बनत नाही त्याच्यावाचून गाडी चालवायची, असा आमचा धंदा होता. मला त्याचा गर्व होता, आणि थोडा जास्तच होता.

आता गाडीतलं ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे आणायला पंप लागतो. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या कुशीलाच बोल्टांनी आवळलेला असे. इंजिन फिरलं की त्याचा दांडा हलायचा, आतला पडदा खालीवर व्हायचा आणि पेट्रोल ओढलं जायचं. साधी, गुणी वस्तू. अडचण एकच. इंजिन तापलं की पंपही तापतो, आणि वरून आपलं नगरचं ऊन. आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि रस्त्यात बसते. आम्ही सरसकट "एअर पकडली" म्हणायचो.

त्यावर इलाजही सरसकट एकच. बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर टाकायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि वीस मिनिटं बिडी ओढायची. (बिडी गाडीपासून लांब.) वरातीला गाडी भाड्यानं देणारे एक गृहस्थ माझे गिऱ्हाईक होते. वरातीत गाडी बँडच्या मागे मुंगीच्या चालीनं जाते, वारा लागत नाही, हमखास बंद पडते. एकदा नवरदेवाला खाली उतरून ढकलावी लागली. तेव्हापासून हे गृहस्थ बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून पंपावर ठेवायचे आणि वर हाराची फुलं टाकायचे, म्हणजे लोकांना पूजा वाटावी. मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की ओलं फडकं हा गाडीचाच एक भाग आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस गेलाच. त्र्याहत्तरचा मार्च उजाडेपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले आणि गावंच्या गावं सरकारी कामांवर गेली. कुठे खडी फोडायची, कुठे पाझर तलावाची माती वाहायची. त्याच मार्चअखेरीस एका दुपारी डॉक्टर मार्थाबाई गाडी घेऊन गॅरेजात आल्या.

मार्थाबाई नगरातल्याच, मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्या काळात बाई गाडी चालवते हे बघायला लोक रस्त्यात थांबायचे. बाईंचं तिकडे लक्ष नसे. त्या सीटवर एक उशी ठेवून बसायच्या, कारण त्याशिवाय त्यांना पुढचं दिसत नसे. गाडी पन्नास सालच्या आसपासची विलायती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नव्हता. ती बिचारी थंड मुलखासाठी बनली होती, तिला करंजीच्या घाटात कुणी विचारून आणलं नव्हतं.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "ताप चढला की बंद पडते. थंड झाली की आपोआप बरी. रोज हेच."

मी हसलो. "बाई, ओलं फडकं टाकत जा."

"तेच टाकत होते," त्या म्हणाल्या. "पाथर्डीच्या बाजूला पाझर तलावाचं काम आहे, तिथे मी जाते. पोरांना जुलाब, खोकले, सगळंच आहे. परवा अगदी कामाजवळ बंद पडली. मी कॅनमधलं पाणी पंपावर ओतत होते. बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यातली एक जवळ आली आणि म्हणाली, 'बाई, गाडीला बी टँकरचंच पानी लागतं का वो?' रागानं नाही हो. नुसतं विचारलं तिनं."

मी बॉनेट उघडलं.

"आता या गाडीवर मी पाण्याचा थेंब ओतणार नाही," बाई म्हणाल्या.

मी सुचवलं, सकाळी उन्हाच्या आधी जाऊन या. त्यांनी मान हलवली. सकाळी आया मातीवर असतात. काम सोडलं तर मोजमाप कमी भरतं, मुकादम सोडत नाही. दुपारी भाकरीची सुट्टी होते, तेवढ्या तासाभरातच पोरं दाखवायला आणता येतात. म्हणजे ज्या वेळेला गाडी हटकून बसायची, नेमकं त्याच वेळेला तिला चालायला हवं होतं. त्यात दवाखान्याच्या कमिटीनं सांगितलं होतं की ही गाडी सारखी दुरुस्तीला असते, विकून टाका. बाईंनी त्यांच्याकडून कसेबसे दोन आठवडे मागून घेतले होते.

"विकली तर मी एसटीनं जाईन," त्या म्हणाल्या, "पण एसटी तलावावर जात नाही." मग जरा चाचरत म्हणाल्या, "विजेवर चालणारा पंप असतो म्हणे. पुण्याला माझ्या भावाच्या गाडीत आहे."

इथे माझं डोकं फिरलं. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला डॉक्टरीणबाईंनी पंप सुचवावा? मी म्हटलं, "बाई, हा पंप इंजिन फिरतंय तोवर चालणार म्हणजे चालणार. तारेवरच्या वस्तूचा काय भरवसा? एक तार निसटली की खेळ खलास."

"बरं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पुढचे सहा दिवस मी त्या जुन्या पंपाशी झुंजलो. नवा पडदा घातला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग दिलं. तव्याएवढा पत्रा कापून आडोसा केला. पाइप फिरवून लांबून आणला. रोज सकाळी काम करायचो, दुपारी गाडी पाथर्डीच्या वाटेवरच्या करंजीच्या घाटात न्यायचो, आणि रोज तिसऱ्या नाहीतर चौथ्या वळणावर ती दोन आचके देऊन बसायची. एसटीचे ड्रायव्हर मला ओळखायला लागले. एक जण तर हात दाखवून विचारायचा, "मिस्त्री, आज कितवं वळण?"

सातव्या दिवशी मी मुकाट्यानं जुन्या बाजारात गेलो. तिथे एका लहान विलायती गाडीचा विजेवरचा पंप मिळाला. उघडून साफ केला, आतले पॉइंट घासले आणि बॅटरीला लावून पाहिला. टिक, टिक, टिक. कोंबडीचं पिल्लू दाणे टिपतं तसा आवाज. मला तो आवडला, हे मी त्या वेळी कबूल केलं नसतं.

तो मी बसवला पुढे, बॉनेटखाली, जुन्या पंपाच्या शेजारी. का? तर पंप पुढेच असतो. मी ज्या गाड्यांत असला पंप पाहिला होता त्यांतही पुढेच पाहिला होता. आणि जुना पंपही तसाच ठेवला, पेट्रोल त्याच्यातूनच जाऊ दिलं. नवा बिघडला तर असावा, असं बाईंना सांगितलं. खरं कारण असं की तो काढायला माझा हात धजत नव्हता. संध्याकाळी नगरात फिरवून पाहिली, गाडी लोण्यासारखी चालली. मी बाईंना म्हटलं, उद्या मी बरोबर येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. करंजीचा घाट गाडी चढली. मी मनातल्या मनात त्या एसटीच्या ड्रायव्हरला शोधत होतो, पण तो नेमका त्या दिवशी दिसला नाही. घाट संपला, सपाटी लागली, आणि तिसगावच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले. बाईंनी ती कडेला घेतली. इंजिन बंद आणि पंप मात्र वेड्यासारखा वाजतोय, टिकटिकटिकटिक.

बाईंनी कान देऊन ऐकलं. "नाडी जलद आहे," त्या म्हणाल्या, "पण रक्त येत नाहीये."

त्यांनी घड्याळ पाहिलं, बॅग घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागल्या. तलाव तिथून तीन मैल होता. मी बॅग घेऊन बरोबर येतो म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या पेशंटजवळ थांबा." कॅनमध्ये पाणी होतं. पण मी त्याला हात लावला नाही.

ऊन असं होतं की गाडीला टेकता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक विहीर आणि दोन बाभळी होत्या, तिथे जाऊन बसलो. विहिरीच्या काठावर एक म्हातारा शेतकरी दोर वळत बसला होता. सगळे त्याला नाना म्हणत, हे त्यानंच सांगितलं.

"पानी न्हाई बरं का प्यायाला," नाना म्हणाला. "तळाला गाळ हाय निस्ता. समद्या शिवारात मिळून दोन टिपाडं निघत्यात सांजच्याला."

मी आत डोकावलो. खोल विहीर. आणि निम्म्याच्या खाली, दगडात खाच पाडून, लाकडं टाकून केलेल्या माच्यावर तेलाचं इंजिन आणि पंप बसवलेला. वरून बघितलं तर खेळण्याएवढा दिसत होता.

"नाना, इंजिन एवढं खाली कशाला नेलंत?"

"कशाला म्हंजी? पानी खाली गेलं, मंग इंजन बी खाली नेलं. धा मानसं लावली, दोरानं सोडलं."

"वरूनच का नाही ओढत?"

नानानं दोर बाजूला ठेवला आणि माझ्या तेलकट कपड्यांकडे पाहिलं. "तुमी मिस्त्री ना वो?"

"हो."

"मंग? पंप वढून वढून किती वढंल? ईस फूट, लई झालं तर पंचीस. त्याच्या वर फुटबॉल नवा घाला न्हाई तर सोन्याचा घाला, निस्ती हवा खातोय." फुटबॉल म्हणजे ओढायच्या पाइपाच्या टोकाला पाण्यात बसवलेली झडप. इंग्रजी नाव वेगळं आहे, पण आमच्या जिल्ह्यात तिला सगळे फुटबॉलच म्हणतात. "पर त्योच पंप खाली पान्याजवळ न्या. पार त्या टेकाडावर पानी फेकतोय. वढायला दम न्हाई त्याच्यात. ढकलायला लई दम हाय."

मी बघतच बसलो. वीस वर्षं गाड्या उघडल्या, आणि जे शिवारातल्या शेंबड्या पोराला ठाऊक ते मला ठाऊक नव्हतं. टाकी मागे. पंप पुढे, तापलेल्या इंजिनाशेजारी. मधल्या लांब पाइपातून तो पेट्रोल ओढणार. ओढलं की पेट्रोल ताणलं जातं, आणि ताणलेल्या पेट्रोलची उन्हात चटकन वाफ होते. तेच मागून दाबून ढकललं तर वाफ धरायला जागाच राहत नाही. इंजिनावरचा पंप मागे नेता येत नाही, कारण त्याला हलवायला इंजिन लागतं. पण विजेच्या पंपाला काय, तार न्याल तिथे तो जातो. त्याचा सगळा फायदा तिथेच होता, आणि मी तो नेऊन बसवला होता पुन्हा चुलीशेजारी.

"काय झालं वो?" नानानं विचारलं.

"नाना, माझं इंजिन अजून काठावरच आहे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण तो हसला.

बाई चार वाजता परत आल्या. चेहरा लाल झाला होता, चपलेचा अंगठा तुटला होता. गाडी तोवर थंड होऊन चालू झाली होती. आम्ही घाट उतरलो. मग बाई म्हणाल्या, "पोचले तोवर सुट्टी संपली होती. आया मातीवर गेल्या होत्या. चारच पोरं बघायला मिळाली."

मी आजही हे लिहिताना थांबतो. त्या दिवशी किती आया पोरं घेऊन बसल्या असतील आणि उठून गेल्या असतील, ते मला माहीत नाही. सहा दिवस आणि तो सातवा, आठवा. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते ऐकलं असतं, तर निदान त्यातले काही दिवस वाचले असते. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी दुसरी गाडी हातात घेतली नाही. जुना पंप काढला. इंजिनाला तिथे भोक राहतं, त्यावर जाड पत्र्याची पट्टी कापून, पॅकिंग घालून आवळली. नवा पंप मागे नेला, डिकीच्या खाली, टाकीच्या बरोबरीनं, दगड लागू नये म्हणून लोखंडी अँगलच्या आडोशाला. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांबून घेतला. तार किल्लीवरून आणली, म्हणजे किल्ली बंद केली की पंपही बंद. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली. घाटात नेऊन आणली, चढतानाही आणि उतरतानाही, भर बाराला. बाईंना काही कळवलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी गाडी दवाखान्यात नेऊन म्हटलं, "चला."

बाईंनी उशी ठेवली, किल्ली फिरवली. मागून कुठून तरी टिक, टिक, टिक आलं, मग सावकाश झालं, मग थांबलं. पेट्रोल पुढे पोचल्याची ती खूण. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता नाडी ठीक वाटते."

घाट झाला. तिसगाव झालं. डांबरी रस्ता सोडून आम्ही मातीच्या वाटेला लागलो. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती, वारा नाही, धूळ आत येत होती. माझा एक कान मागे होता. तलावाच्या भरावाजवळ पोचलो तेव्हा नुकतीच सुट्टी झाली होती. बाभळीखाली झोळ्या टांगलेल्या, बाया भाकरी सोडत होत्या. बाईंनी गाडी लावली आणि किल्लीकडे हात नेला.

मी ओरडलोच. "बाई, बंद करू नका! चालू राहू द्या!"

कारण चालत्या गाडीला निदान पंख्याचा वारा असतो. तापलेलं इंजिन बंद केलं की त्याची सगळी धग आतच कोंडते. खरी परीक्षा चालण्यात नसते, बंद करून पुन्हा चालू करण्यात असते. ती मी घाटात एकदाही घेतली नव्हती. खरं सांगायचं तर भीतीच वाटली होती.

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "बंद केली तर पुन्हा चालू व्हायची नाही, म्हणून फेब्रुवारीपासून मी ती चालू ठेवूनच पोरं तपासतेय. या बॉनेटशेजारी उभी राहून. कुणाच्या छातीत घरघर होती आणि कुठली घरघर या इंजिनाची होती, मला खात्रीनं सांगता यायचं नाही."

गाडी नंतर चालू झाली का, हे सांगूनच टाकतो. झाली. तासाभरानं, पहिल्या झटक्यात, आणि त्यानंतर तीन उन्हाळे ती तशीच चालू होत राहिली. कमिटीनं विकायचं पुन्हा नाव काढलं नाही. पण मला ती तासाभराआधीची वेळच जास्त आठवते.

बाया गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे एक पोरगेली आई, कडेवर वर्षाचं पोर. "तेरवा बी थांबले हुते बाई," ती म्हणाली. "लई येळ थांबले. मुकादम वरडाया लागला, मंग गेले. चार दिस झालं, खोकतंय. रातीला दम लागतोय त्याला."

तेरवा, म्हणजे तीन दिवसांपूर्वी, माझा पंप बॉनेटखाली टिकटिकत होता तो दिवस.

बाईंनी पोराचं झबलं वर केलं, नळी कानाला लावली आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. बाया गप्प झाल्या. तिकडे खोऱ्यांवर बसलेले पुरुषही गप्प झाले. बाईंनी पुढून ऐकलं, पाठ फिरवून मागून ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं. एवढा वेळ लागला की आईचे डोळे भरून आले.

मग बाईंनी नळी काढली. "साफ आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी साफ. घशाचा खोकला आहे, औषध देते. घाबरू नकोस."

मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून मी घाईनं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

"गं बया!" मागून कुणी तरी म्हणालं. "गाडी पुन्यांदा बिघडली वाटतं."

"गाडीला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "मिस्त्रींना जरा वेळ द्या."